किनवटच्या दौऱ्याआधीचे चार महिने : एका प्रकरणाचा अभ्यास

हे प्रकरण माझ्याच घरातले आहे, हे सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. ज्या व्यक्तीविषयी लिहीत आहे ती माझी धाकटी बहीण असून तिचे वय २६ वर्षे आहे आणि ती जालन्याला आईवडिलांजवळ राहते. मी तिच्याहून आठ वर्षांनी मोठी असून व्यवसायाने परिचारिका आहे. त्यामुळे या लेखनात वॉर्डात वर्षानुवर्षे काम केलेल्या बाईची नजर आहे आणि बहिणीची मायाही आहे, आणि या मायेने त्या नजरेला वेळोवेळी कसे चुकवले तेही जागोजागी दिसेल. मसुदा तिने वाचला, दोन ठिकाणी माझी चूक दुरुस्त केली आणि नाव न देण्याची अट घातली. म्हणून येथे तिला घरच्याच शब्दाने ‘धाकटी’ म्हटले आहे.

नऊ वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. वळवाचा पाऊस अचानक आला, त्या गोळा करायला ती धावली आणि कठडा नसलेल्या गच्चीवरून खाली पडली. छातीच्या भागातील दहाव्या मणक्याजवळ मज्जारज्जूला पूर्ण इजा झाली. बेंबीच्या खाली संवेदना नाही, पायांत हालचाल नाही, लघवी आणि शौच यांची जाणीव नाही; दोन्ही हात मात्र उत्तम आहेत. शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले आणि एका दवाखान्याने तिला घरी पाठवले, पण दर दोन तासांनी कूस बदलायची असते आणि रोज आरशात पाठ बघायची असते हे तिला किंवा आईला कोणीही समजावून सांगितले नाही. माकडहाडावर झालेली जखम भरायला सात महिने लागले. त्या काळात मी पुण्यात नोकरीला होते आणि रोज फोनवर ‘जेवली का, झोपली का’ एवढेच विचारत होते. पाठ बघितली का, हे परिचारिका असूनही मी विचारले नाही. पुढे जे घडले ते या गोष्टीशिवाय कळणार नाही, कारण आमच्या घरातली सगळी भीती त्या सात महिन्यांतून आलेली आहे.

आज ती चाकांची खुर्ची स्वतः चालवते, घरी पंधरा मुलांची शिकवणी घेते आणि पाच वर्षांपासून मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, रविवार शाळेत शिकवते. आमचे पणजोबा बेथेलचे. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्री यांनी पुढे जालन्यात मिशनचे काम उभे केले आणि शहराजवळ बेथेल ही वसाहत वसवली. आमचे घराणे तिथूनच पुढे आले. त्यामुळे सुवार्तेसाठी, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगण्यासाठी, बाहेर पडणे आमच्याकडे नवलाचे नाही. पणजोबा बैलगाडीने फिरले, पप्पांनी तरुणपणी भोकरदन आणि जाफराबाद तालुके सायकलवर पालथे घातले, मी आणि मधला भाऊ तरुण संघाबरोबर दोन-दोन दौऱ्यांना जाऊन आलो. धाकटीच्या बाबतीत मात्र ती घरी बसून आमच्यासाठी प्रार्थना करील, असे सर्वांनी न बोलता ठरवून टाकले होते.

जुलैच्या पहिल्या रविवारी तरुण संघाच्या बैठकीत जाहीर झाले की दिवाळीच्या सुट्टीत किनवट तालुक्यातील तीन वाड्यांमध्ये सहा दिवसांचा सेवा-दौरा काढायचा आहे. किनवट हा नांदेड जिल्ह्याचा डोंगराळ, जंगलाचा भाग; पैनगंगेच्या पलीकडे विदर्भ आणि दक्षिणेला तेलंगण. गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा समाजाची वस्ती. मुलांसाठी तीन दिवसांची सुट्टीतील शाळा, एक आरोग्य तपासणी, संध्याकाळी गीते आणि भेटीगाठी असा कार्यक्रम होता. ज्यांना यायचे आहे त्यांनी हात वर करावा असे पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, म्हटले तेव्हा धाकटीने हात वर केला. क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग पाळकसाहेब म्हणाले, “आपण हे प्रार्थनेत ठेवू या.” आमच्या मंडळीत वाढलेल्या प्रत्येकाला या वाक्याचा दुसरा अर्थ माहीत आहे, आणि तो तिलाही माहीत होता.

घरी त्या रात्री आई गप्प राहिली. पप्पांनी एवढेच विचारले की तिथून दवाखाना किती लांब आहे. आजी म्हणाली, “लेकराला रानात कशाला नेता, इथंच लई काम पडलंय देवाचं.” मी वही घेऊन बसले आणि एक यादी केली: संडास, लघवीची नळी, जखम, ताप, गाडीची दारे, रात्रीची थंडी, वीज जाणे, उशी हरवणे, अशा बावीस अडचणी. मला वाटत होते की मी जबाबदारीने वागत आहे. धाकटीने ती यादी पूर्ण वाचली आणि म्हणाली, “ताई, माझ्याकडून काय काय होणार नाही त्याची ही यादी आहे. मी तिथं जाऊन काय करणार, हे तुम्ही कुणीच मला विचारलं नाही.”

या प्रकरणातील मुख्य गोष्ट हीच आहे, असे मला आता वाटते. आम्ही सर्व जण तिला ‘नेता’ येईल का याचा विचार करत होतो. दौऱ्याला जाणाऱ्या इतर दहा जणांपैकी प्रत्येकाला आधी काम नेमून दिले गेले आणि मग त्याच्या सोयीचा विचार झाला. धाकटीच्या बाबतीत सोयीचा विचार आधी सुरू झाला आणि कामाचा विचार झालाच नाही. काम ठरलेले नसले की प्रत्येक सोय उपकारासारखी वाटते, करणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. काम एकदा ठरले की तीच सोय तयारीचा भाग होते, जशी तपासणीसाठी रक्तदाब मोजायचे यंत्र नेणे ही तयारी असते.

काम सापडले ते ऑगस्टमध्ये. मधला भाऊ आणि पाळकसाहेब जागा पाहण्यासाठी किनवटला जाऊन आले. सरपंचांना लेखी कळवणे, शाळेची खोली मागणे, मुक्कामाची व्यवस्था बघणे ही कामे होतीच. त्याबरोबर धाकटीने भावाच्या हातात मोजपट्टी देऊन दारांची रुंदी, उंबऱ्यांची उंची आणि संडासाचे माप लिहून आणायला सांगितले होते. तिथल्या सुवार्तिकांशी बोलताना सहज निघाले की या तीन वाड्यांमध्ये पाच माणसे अशी आहेत जी घराबाहेर निघतच नाहीत: पोलिओने पाय गेलेला एक तरुण, झाडावरून पडलेला एक जण, जन्मापासून हातपाय ताठ असलेले नऊ वर्षांचे मूल आणि दोन वृद्ध. पाचांपैकी एकाकडेही अपंगत्वाचे प्रमाणपत्र नव्हते.

भावाने हे घरी सांगितले तेव्हा धाकटीने दुसरे काही विचारले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती कागदपत्रांच्या मागे लागली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले, परंतु बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा लागतो, आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा जोडावा लागतो आणि मग वैद्यकीय तपासणी होते. तिचे स्वतःचे कार्ड निळे आहे, म्हणजे ८० टक्क्यांच्या पुढचे, आणि ते मिळवताना तिने तीन हेलपाटे घातले होते. त्यामुळे कोणता कागद कुठे अडतो ते तिला पाठ होते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अर्ज, रहिवासी आणि उत्पन्नाचे दाखले यांचीही तिने एकेक प्रत फाइलला लावली. सप्टेंबरच्या बैठकीत तिने स्वतःच मांडले की सकाळी ती मुलांच्या शाळेत गोष्ट सांगेल आणि दुपारी या पाच घरी जाईल. एक अट मात्र तिने घातली: अर्ज भरून देताना धर्माची पत्रिका हातात द्यायची नाही आणि प्रार्थनेचा आग्रह धरायचा नाही, कारण प्रमाणपत्र हा त्या माणसाचा हक्क आहे आणि तो आमच्या प्रार्थनेच्या बदल्यात मिळतो आहे असे त्याला क्षणभरही वाटता कामा नये. यावर बराच वाद झाला. कोणी प्रार्थना मागितली तर नाही म्हणायचे का, असा एकाचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. मागितली तर करायची, आपण होऊन सुरू करायची नाही, असे अखेर ठरले. पाळकसाहेबांनी ते वहीत लिहून घेतले, आणि ‘प्रार्थनेत ठेवू या’ हे वाक्य त्यानंतर कोणी उच्चारले नाही.

आता शरीराच्या तयारीविषयी. येथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण अशा प्रवासाची इच्छा धरणाऱ्या घरांना हीच माहिती कोणी मोकळेपणाने देत नाही.

सर्वात आधी लघवी. धाकटी दिवसातून पाच वेळा स्वतःच्या हाताने नळी घालून मूत्राशय रिकामे करते. दोन वेळांमध्ये चार ते सहा तासांहून अधिक अंतर पडू द्यायचे नसते आणि एका वेळी साधारण ४०० ते ५०० मिलिलिटरच्या वर साठू द्यायचे नसते. घरी हे घड्याळावर चालते. प्रवासात मात्र पाणीच प्यायचे नाही, म्हणजे जाण्याची वेळच येणार नाही, ही आपल्याकडच्या बायकांची जुनी सवय आहे. यष्टीच्या प्रवासात माझी आई तेच करते, मीही केले आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला हे महागात पडते, कारण लघवी घट्ट होऊन जंतुसंसर्ग होतो आणि जळजळ जाणवत नसल्याने तो उशिरा कळतो. पायांतले झटके वाढणे, लघवी गढूळ होणे, वास येणे आणि ताप, हीच तिच्यासाठी सूचना. म्हणून दोन आठवडे तिने वहीत मोजून लिहिले: किती पाणी प्यायले, किती वाजता, किती निघाले. त्यावरून दोन लिटर पाणी कायम ठेवून वेळा बसवल्या. सहा दिवसांसाठी तीस नळ्या लागतात. तिने पन्नास घेतल्या आणि त्या दोन वेगवेगळ्या बॅगांत ठेवल्या. झटक्यांच्या गोळ्याही तशाच दोन ठिकाणी विभागल्या, कारण ते औषध एकाएकी बंद होणे धोक्याचे असते.

प्रश्न होता तो रात्रीच्या रेल्वेचा. पहाटे चारच्या सुमाराची वेळ गाडीतच येणार होती आणि डब्यातल्या संडासापर्यंत खुर्ची जात नाही. तिने घरातला अरुंद बाक खोलीच्या मध्यभागी ओढला, दिवे बंद करायला लावले, अंगावर शाल घेतली आणि शालीखाली फक्त हाताच्या बोटांनी, आरसा न वापरता, नळी घालण्याचा सराव सुरू केला. पहिल्या रात्री चादर ओली झाली. तिसऱ्या रात्री आईला बाजूला झोपवून, आईला जाग न येऊ देता, तिने ते पूर्ण केले आणि पिशवीचे तोंड बंद केल्यावर अंधारातच मला म्हणाली, “झालं.” मी अनेक रुग्णांना नळ्या घातल्या आहेत, एवढ्या शांतपणे ते काम होताना मी पाहिले नव्हते.

शौचाची अडचण मोजपट्टीने उघड केली. मुक्कामाच्या जागी असलेल्या संडासाचे दार २४ इंचांचे होते आणि तिची खुर्ची बाहेरून बाहेर २६ इंचांची. दार पाडून देण्याची तयारी एका भल्या माणसाने दाखवली, पण तिने ती नाकारली. प्लास्टिकच्या हात असलेल्या खुर्चीला मध्ये गोल भोक पाडून खाली बादली ठेवायची आणि भोवती ताडपत्रीचा आडोसा करायचा, हा आपल्या खेड्यांतला जुना उपाय तिने निवडला. फक्त एक बदल करावा लागला. कापलेल्या प्लास्टिकची कड धारदार असते, आणि जिथे संवेदना नाही तिथे ती कातडी कापील तरी कळणार नाही. भावाने सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून त्या कडेवर बसवली, आत फोमची पट्टी घातली आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली. मग रोज सकाळी सहाला चहा, साडेसहाला गुदमार्गातली गोळी आणि पाऊण तास वेळ, हा क्रम दीड महिना आधीपासून तसाच पाळला गेला, कारण आतड्याला सवय लावावी लागते आणि ती आठवड्यात लागत नाही.

तिसरी गोष्ट कातडीची, आणि येथे चूक झाली. सप्टेंबरच्या अखेरीस सराव म्हणून आम्ही अंबड तालुक्यातील एका गावी दोन दिवसांसाठी जीपने गेलो. धाकटी खुर्चीत हवेच्या कप्प्यांच्या उशीवर बसते आणि बसण्याच्या हाडाखाली एका बोटाच्या जाडीइतकी हवा आहे ना, हे रोज हात घालून तपासते. दर अर्ध्या तासाने पुढे वाकून दोन मिनिटे भार हलका करते. जीपमध्ये बसवताना घाई होती; पावसाची चिन्हे होती आणि मागे गाड्या उभ्या होत्या. मी तिला सीटवर घेतले आणि सीट मऊच आहे म्हणून उशी खुर्चीबरोबर मागे टाकली. दीड तास जाताना आणि दुसऱ्या दिवशी दीड तास येताना ती रेग्झिनच्या शिवणीवर बसून आली. ती दोनदा म्हणाली होती, “उशी?” आणि दोन्ही वेळा मी म्हणाले, “आलंच आता.”

घरी आल्यावर आरशात डाव्या बाजूच्या बसण्याच्या हाडावर एक लाल ठिपका दिसला, जुन्या रुपयाएवढा. मी बोटाने दाबले. निरोगी कातडी दाबली की क्षणभर पांढरी पडते आणि मग रक्त परत येते. हा ठिपका पांढरा झाला नाही. अर्ध्या तासाने पुन्हा दाबले, तरी नाही. जखमेची ती पहिली पायरी असते, आणि माझ्या बावीस अडचणींच्या यादीत ‘उशी हरवणे’ हे मीच लिहिलेले होते.

त्या रात्री मी सर्वांसमोर म्हणाले की आता हे थांबवू या. आई रडली. धाकटी पालथी झोपलेली होती, चेहरा उशीत होता. ती म्हणाली की ठिपका किनवटने झालेला नाही, तिचे न ऐकल्याने झालेला आहे. नऊ दिवस ती बसली नाही. शिकवणीची मुले खाटेभोवती जमिनीवर बसत आणि ती पालथीच राहून, हनुवटीखाली हात घेऊन, त्यांच्या वह्या तपासत असे. दहाव्या दिवशी ठिपका गेला, दाबल्यावर कातडी पांढरी होऊन पुन्हा गुलाबी झाली. मग तिने एका कागदावर पाच ओळी लिहिल्या आणि त्याची प्रत संघातल्या प्रत्येकाला दिली. पहिली ओळ अशी होती: मी सांगेपर्यंत मला किंवा खुर्चीला हात लावायचा नाही. दुसरी: मी जिथे बसेन तिथे माझी उशी माझ्याखाली असेल, जीप असो, जमीन असो, रेल्वे असो. पुढच्या तीन ओळी उचलण्याविषयी होत्या. ओढायचे नाही, कारण ओढल्याने कातडी आतून फाटते, दोघींनी मिळून उचलायचे आणि ‘एक, दोन, तीन’ तीच मोजणार.

या ठिपक्याने आणखी एक निर्णय झाला आणि तो मला सर्वात जड गेला. तोवर मी सोबत जाणार हे गृहीत होते. रजाही मंजूर झाली होती. तिने सांगितले की मी येऊ नये. संघातील दोन मुलींना तिने स्वतः तीन रविवार शिकवले: उचलणे, कातडी बघणे, बोट दाबून पाहणे, खुर्चीची चाके काढणे. त्यांपैकी एक नोकरी करणारी आणि दुसरी बारावीची विद्यार्थिनी. दोघीही घाबरट नाहीत, विचारून काम करणाऱ्या आहेत. ती म्हणाली, “तू असलीस की सगळे तुला विचारतात, आणि तू त्यांना सांगतेस. मला कुणी विचारत नाही.” अंबडच्या जीपमध्ये नेमके हेच घडले होते, त्यामुळे मला उत्तर नव्हते. मी औषधांची पेटी भरली, तापाला आणि लघवीच्या संसर्गाला कोणत्या डॉक्टरांनी काय लिहून दिले आहे त्याची चिठ्ठी लावली, किनवटच्या उपजिल्हा रुग्णालयाची चौकशी करून ठेवली आणि रजा परत दिली.

दौरा मे महिन्यात न जाता दिवाळीत ठरला होता, ही गोष्ट तिच्या पथ्यावर पडली. इजेच्या खालच्या भागात घाम येत नाही, म्हणून मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तिचे अंग पटकन तापते आणि ओले फडके अंगावर ठेवावे लागते. इजा छातीच्या सहाव्या मणक्याजवळ किंवा त्याच्या वर असती तर साधे मूत्राशय तुंबले तरी रक्तदाब एकाएकी चढण्याचा धोका असता आणि तयारी फार वेगळी करावी लागली असती. अशा घरांनी आपल्या डॉक्टरांशी हे आधी बोलून घ्यावे.

साक्षीचा विषय ऑक्टोबरमध्ये निघाला. पहिल्या संध्याकाळी धाकटीने साक्ष द्यावी, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव लोकांसमोर सांगावा, असे संघातील एका मुलाने सुचवले. तिला पाहून लोक ऐकतील, असे त्याचे म्हणणे होते आणि त्यात वाईट हेतू नव्हता. त्याने मार्ककृत शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायातला प्रसंग काढला, ज्यात पक्षाघात झालेल्या मनुष्याला चौघे जण उचलून आणतात आणि गर्दीमुळे वाट नाही म्हणून छप्पर उसकटून खाली सोडतात. धाकटी म्हणाली, “मी पडल्यापासून मला या गोष्टीत खाटेवरच ठेवलं आहे. या वेळी मला चौघांतली एक होऊ द्या.”

मग खरा अवघड प्रश्न पाळकसाहेबांनीच विचारला. कोणी म्हणाले की तुमचा देव बरे करतो तर हिला का केले नाही, तर काय? मला तो प्रश्न ऐकून घाम फुटला. धाकटीने सांगितले की हा प्रश्न तिला जालन्यातही विचारला जातो, उपासनेनंतर, हात डोक्यावर ठेवून, आपल्याच माणसांकडून. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बघून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापाचे. आणि प्रभू म्हणतो, याचेही नाही आणि त्यांचेही नाही. ती म्हणाली की खेड्यातल्या आईला, जिचे मूल गोधडीवर पडलेले आहे, तिला हे आधी ऐकायला मिळावे. स्वतःच्या बरे होण्याविषयी कोणी विचारले तर ती खरे उत्तर देईल, की तिला माहीत नाही आणि तरी तिचा विश्वास आहे. तिच्यासाठी कोणी उत्तर तयार करून ठेवू नये. पाळकसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी दौऱ्यापुरता एक नियम केला: तिने सांगितल्याशिवाय कोणीही लोकांसमोर तिच्यावर हात ठेवून प्रार्थना करणार नाही.

प्रवासाची कागदी तयारी सोपी निघाली. सोबतीशिवाय प्रवास न करू शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला शयनयान वर्गात ७५ टक्के सवलत मिळते आणि सोबत्यालाही तेवढीच मिळते. तिचे रेल्वेचे ओळखपत्र आधीच काढलेले होते. दिव्यांगांच्या वेगळ्या डब्यात चढणे सोयीचे असते, पण मग ती संघापासून तुटली असती, म्हणून तिने शयनयानातील खालचा बर्थ घेतला. नंदीग्राम एक्स्प्रेस जालन्याहून परभणी, नांदेड करत थेट किनवटला जाते, त्यामुळे गाडी बदलावी लागली नाही. फलाटावरून डब्यात चढण्याचा सराव मात्र घराच्या ओट्यावर करावा लागला.

निघायच्या रात्री पप्पा, आई आणि मी स्टेशनवर गेलो. गाडी आली तेव्हा माझे हात आपोआप पुढे झाले. त्या दोन मुली माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघत होत्या. तिने मोजले, त्यांनी उचलले, आणि दुसऱ्या मुलीने सर्वांत आधी बर्थवर उशी ठेवली होती.

दौऱ्यातील सहा दिवसांचा वृत्तान्त तिच्या वहीवरून थोडक्यात देते. कातडी सहाही दिवस स्वच्छ राहिली. तिसऱ्या दिवशी जीप नाल्यात अडकल्याने नळीची वेळ सात तासांवर गेली. तिने रस्त्याकडेच्या कापसाच्या शेतात ताडपत्रीच्या आडोशाला ते उरकले आणि रात्री पाणी वाढवले. ताप आला नाही. दुसऱ्या वाडीत शाळेच्या पायऱ्यांमुळे मुलांची गोष्ट झाडाखाली घ्यावी लागली, आणि बऱ्याच मुलांची बोली गोंडी किंवा कोलामी असल्याने शब्दांपेक्षा चित्रांवर भर द्यावा लागला, हे आधी लक्षात आले असते तर चित्रे मोठी काढली असती, असे तिने लिहिले आहे.

चौथ्या दिवशी ती त्या नऊ वर्षांच्या मुलाच्या घरी गेली. उंबरा उंच, दार ठेंगणे. खुर्ची अंगणातच ठेवून तिला आत जमिनीवर, तिच्या उशीवर, बसवले. मुलगा गोधडीवर होता. धाकटीने कागद काढले, नाव विचारले, जन्मतारीख विचारली. मुलाची आई उत्तरे देत होती आणि एकसारखी धाकटीच्या पायांकडे बघत होती. बरोबरची मुलगी पाणी आणायला बाहेर गेली, तेव्हा ती बाई पुढे सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, “बाई, लघवीचं कसं करता?” धाकटीने कागद बाजूला ठेवले. पुढचा तासभर त्या दोघी त्याविषयीच बोलल्या. मूल दर दोन तासांनी कसे वळवायचे, ओले कापड किती वेळ राहू द्यायचे नाही, आणि लाल डाग दिसला तर बोटाने दाबून कसे बघायचे. त्या बाईने धाकटीच्या हातावर दाबून बघितले, मग मुलाच्या कमरेवर.

पाचांपैकी तिघांचे अर्ज दौऱ्यातच भरले गेले आणि त्यांची तपासणी जानेवारीत झाली. एका वृद्धाच्या आधार कार्डावरचे नाव आणि शिधापत्रिकेवरचे नाव जुळत नाही, म्हणून तो अर्ज अडला आहे. त्या मुलाचे आधार कार्डच काढलेले नव्हते; ते आता काढायला दिले आहे, आणि दर सोमवारी शिकवणी सुटल्यावर धाकटी तिथल्या सुवार्तिकांना फोन करून ते कुठपर्यंत आले, हे विचारते.